‘आमच्याकडे ये’ असं रिक्रूटला लिहिलं, तर बिघडलं कुठे?

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगते. त्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठातून एमएस केलं आणि तिथेच त्यांना कॉलेज फुटबॉलचं वेड लागलं. गेली अकरा वर्षं ते सीझन तिकीट घेतात. चांगली जागा हवी तर विद्यापीठाच्या क्रीडा निधीला देणगी द्यावी लागते, तीही ते दरवर्षी देतात. मागच्या महिन्यात त्यांनी शाळेत शिकणाऱ्या एका १७ वर्षांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आपापल्या संघात घ्यायला विद्यापीठं ज्याच्या मागे आहेत अशा एका ‘रिक्रूट’ला, एक्सवर टॅग केलं, खचाखच भरलेल्या स्टेडियमचा फोटो टाकला आणि लिहिलं, “तुझी जागा इथे आहे, आमच्याकडे ये.” मग इन्स्टाग्रामवर त्याला थेट मेसेजही केला. मुलाने त्यावर बदाम टाकला. आठवड्याभरात विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसची ईमेल आली: तुम्ही ‘बूस्टर’, म्हणजे संघाचे पाठीराखे आहात, रिक्रूटशी संपर्क करू नका.

ते विचारतात: मी काही कोट्यधीश नाही, मग मी बूस्टर कसा? आता तर खेळाडूंना राजरोस पैसे मिळतात, मग एका मेसेजने काय बिघडलं? आणि पुण्यातली माझी भाची, म्हणजे चुलत बहिणीची मुलगी, टेनिस खेळते, तिला माझ्याच विद्यापीठात यायचंय, तर मी तिला मदत करायची की नाही?

सर्वांत आधी, घाबरू नका. मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसात मला १८ वर्षं झाली. कोच, खेळाडू, पालक आणि चाहते यांच्याकडून एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचे, नियम पाळले जाताहेत की नाही हे पाहणं, चुकलं तर नोंदवणं आणि चुकायच्या आत समजावून सांगणं, हे माझं काम. तुम्हाला आली तशी ईमेल मी दर हंगामात कितीतरी जणांना पाठवते. ती शिक्षा नसते. बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी संघाचा एखादा चाहता तुमच्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून आमच्याकडे पाठवतो. सोमवारी सकाळी तो उघडला की आम्ही ते नाव आधी देणगीदारांच्या यादीत शोधतो, मग तिकिटांच्या. तुमचं नाव दोन्हीकडे सापडलं असणार.

बूस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो खासगी विमानातून उतरणारा, कोचच्या खांद्यावर हात टाकून फिरणारा तेलाचा व्यापारी. एनसीएएची व्याख्या मात्र त्याहून कितीतरी रुंद आहे. नियमपुस्तकात अशा माणसाला ‘बूस्टर’ म्हणत नाहीत, तिथे त्याच्यासाठी ‘संस्थेच्या क्रीडाहिताचा प्रतिनिधी’ असा शब्दप्रयोग आहे. क्रीडा विभागाला किंवा त्याच्या पाठीराख्यांच्या संघटनेला ज्याने देणगी दिली, अशा संघटनेचा जो सभासद झाला, रिक्रूट मिळवायला ज्याने मदत केली किंवा तशी मदत ज्याच्याकडे मागितली गेली, खेळाडूंना किंवा त्यांच्या घरच्यांना ज्याने काही लाभ मिळवून दिला, किंवा इतर कुठल्याही प्रकारे त्या विद्यापीठाच्या खेळांचा जो प्रसार करतो, तो प्रतिनिधी. व्यक्ती असो, कंपनी असो, दुकान असो. रक्कम किती, याला इथे महत्त्व नाही. आणि हा शिक्का एकदा बसला की बसला. देणगी बंद करा, तिकीट सोडा, सिएटलला बदली घ्या, तरी तुम्ही बूस्टरच राहता.

व्याख्येतल्या त्या शेवटच्या कलमाकडे नीट बघा. एक पैही न देणारा माणूसही त्यात बसू शकतो. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधल्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर एक गट उघडला. बास्केटबॉलपटू जॉन वॉल तेव्हा शाळेत होता आणि देशभरची विद्यापीठं त्याच्या मागे होती. त्याने आपल्याकडे यावं अशी विनवणी गटाच्या नावातच होती. शेकडो लोक त्यात सामील झाले. विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसने त्या मुलाला पत्र पाठवून हे थांबवायला सांगितलं आणि त्याने गटाचं नाव बदललं. वॉल शेवटी केंटकीला गेला. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली: फेसबुक गट काढणाऱ्या पोराला कसला नियम लावता? मी तेव्हा या कामात नवीन होते आणि मलाही ते अतीच वाटलं होतं. आज त्या पत्राची भाषा मी सौम्य ठेवली असती, पण पत्र नक्की पाठवलं असतं.

तर तुम्ही बूस्टर आहात, यात शंका नाही. आता तो मुलगा. नववीचे वर्ग सुरू झाले की विद्यार्थी नियमाच्या भाषेत ‘संभाव्य खेळाडू’ होतो. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये तर सातवीपासूनच. त्याने तोंडी होकार दिला किंवा करारावर सही केली, तरी प्रत्यक्ष दाखल होईपर्यंत तो संभाव्यच राहतो. म्हणून ‘त्याने तर आमचं नाव जाहीर केलंय, आता अभिनंदन करायला काय हरकत?’ हा युक्तिवाद चालत नाही. आणि दुसऱ्या विद्यापीठात आज खेळणारा खेळाडूही तुमच्या विद्यापीठासाठी रिक्रूटच असतो. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी इथल्या असतात. सामना हरून बाहेर पडणाऱ्या परक्या संघाच्या खेळाडूला रात्री मेसेज जातो, “तिथे तुझी कदर नाही, इकडे ये.” पोर्टलमध्ये नाव नसलेल्या खेळाडूला असं फितवणं तर आणखी गंभीर.

आता मुख्य मुद्दा. रिक्रूटशी विद्यापीठाच्या वतीने बोलायचा अधिकार फक्त विद्यापीठाने नेमलेल्या माणसांना आहे, आणि त्यांनाही तारखा, वेळा, माध्यमं ठरवून दिलेली असतात. तुम्ही लिहिलंत ते तुमच्या मनाने लिहिलंत, हे मला मान्य आहे. नियम मात्र ते विद्यापीठाने लिहिलं असं धरतो. तसं धरलं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर डॅलसमध्ये आहे. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, म्हणजे एसएमयू, तिथल्या बूस्टरांनी वर्षानुवर्षं फुटबॉलच्या खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवले. विद्यापीठाला त्यापायी आधीच शिक्षा झालेली होती, तरीही एका बूस्टरच्या पैशांतून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले. २५ फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएने त्यांचा त्या वर्षीचा अख्खा हंगामच रद्द केला. पुढच्या वर्षी मोजके सामने खेळायची मुभा होती, पण विद्यापीठालाच ते शक्य वाटलं नाही. त्यानंतर एसएमयू बोल सामन्यात, म्हणजे हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात, दिसली ती थेट २००९ मध्ये. पैसे वाटणारे बाजूला राहिले आणि ज्यांनी कधी एक डॉलर घेतला नव्हता अशा मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या ओझ्याखाली खेळल्या.

मायामीच्या नेव्हिन शपिरोचं प्रकरण २०११ मध्ये उघडकीला आलं. पाँझी योजनेत लोकांना बुडवून २० वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झालेला हा माणूस विद्यापीठाचा एवढा लाडका बूस्टर होता, की खेळाडूंच्या एका विश्रामकक्षाला त्याचं नाव दिलेलं होतं. खेळाडूंवर आपण कसा पैसा उधळला ते त्याने तुरुंगातून पत्रकाराला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, ही पैशांची प्रकरणं झाली, मी तर फक्त फोटो टाकला. मग त्याच मायामीचं दुसरं प्रकरण ऐका. आमच्या क्षेत्रात त्याचे धडे अजून दिले जातात.

२०२२ च्या वसंतात फ्रेस्नो स्टेटच्या दोन जुळ्या बास्केटबॉलपटू, हेली आणि हॅना कॅव्हिंडर, विद्यापीठ बदलायच्या विचारात होत्या. टिकटॉकवर त्यांचे लाखो चाहते. मायामीचे वकील आणि उद्योजक जॉन रुईझ तेव्हा खेळाडूंशी जाहिरात करार करण्यात सगळ्यांत पुढे होते. मायामी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक केटी मायर यांनी या बहिणी आणि रुईझ यांच्या संपर्काला हातभार लावला. रुईझ यांच्या घरी जेवण झालं. १३ एप्रिलला त्या जेवणाचा फोटो रुईझ यांनी स्वतःच ट्विटरवर टाकला: आई-वडील, दोन्ही बहिणी, सगळे हसताहेत. तो फोटो कुणी चोरून काढलेला नव्हता, कुणी फोडलेला नव्हता. अभिमानाने, जगाला दाखवायला म्हणून टाकलेला होता. एनसीएएच्या चौकशीला तोच निमित्त ठरला. २४ फेब्रुवारी २०२३ ला निकाल लागला: विद्यापीठाला एक वर्षाची परिवीक्षा, ५,००० डॉलर आणि वर महिला बास्केटबॉलच्या बजेटचा एक टक्का असा दंड, रिक्रूटच्या भेटींत कपात. मायर यांना हंगामाचे पहिले तीन सामने बाहेर बसावं लागलं. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मोकळीक (एनआयएल) मिळाल्यानंतर एनसीएएने निकाली काढलेलं अशा प्रकारचं हे पहिलंच प्रकरण.

मला त्यात खटकतं ते हे, की शिक्षा झाली ती प्रशिक्षकांना आणि संघाला. बूस्टरला विद्यापीठापासून दूर करायची सक्ती झाली नाही, आणि निकाल देणाऱ्या समितीनेही त्याबद्दल उघड अस्वस्थता नोंदवली होती. चूक चाहत्याची, भोगायचं मुलांनी, हे मी १८ वर्षं बघते आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पैशांचा. तुमचा गोंधळ खरा आहे, कारण गेल्या काही वर्षांत जमीनच सरकली आहे. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, प्रतिमा आणि ओळख यांवर कमाई करायची मोकळीक मिळाली. हेच ते एनआयएल. बूस्टरांनी एकत्र येऊन ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या संस्था काढल्या आणि खेळाडूंशी करार सुरू केले. मे २०२२ मध्ये एनसीएएने बजावलं की कलेक्टिव्हसुद्धा बूस्टरच आहे, तिने रिक्रूटिंगमध्ये पडायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेटला त्याच कारणावरून शिक्षा झाली: एका सहप्रशिक्षकाने दुसऱ्या विद्यापीठातल्या खेळाडूला आणि त्याच्या आई-वडिलांना गाडीत घालून कलेक्टिव्हच्या प्रमुखाकडे नेलं होतं आणि तिथे महिना सुमारे १५,००० डॉलरचा प्रस्ताव ठेवला गेला.

त्यानंतर टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी दावा लावला. २३ फेब्रुवारी २०२४ ला संघीय न्यायालयाने एनसीएएला मनाई केली: खेळाडूने विद्यापीठ ठरवण्याआधी एनआयएलच्या कराराची बोलणी केली, म्हणून कारवाई करता येणार नाही. पुढे ‘हाउस’ खटल्यातला समझोता ६ जून २०२५ ला मंजूर झाला. सुमारे २८० कोटी डॉलरची मागील भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा; पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूला पैसे मिळू नयेत हा जुना नियम अन्यायाचा होता. ९०,००० माणसं ज्याचा खेळ बघायला पैसे मोजतात, त्या मुलाच्या खिशात पिझ्झापुरते पैसे नसायचे. ते गेलं, बरं झालं.

पण यातून ‘आता सगळं चालतं’ असा अर्थ काढू नका. समझोत्यानंतर कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी यंत्रणा आली. बाहेरच्या कुणाशीही ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा करार केला, तर खेळाडूने तो ‘एनआयएल गो’ या पोर्टलवर नोंदवायचा असतो. करार विद्यापीठाशी संबंधित माणसाचा असेल तर जास्त बारकाईने तपासला जातो: खरंच काही जाहिरात करून घ्यायची आहे का, आणि कामाच्या मानाने मोबदला वाजवी आहे का. आयुष्यभरात ५०,००० डॉलरपेक्षा जास्त देणगी दिलेला माणूस या ‘संबंधित’ गटात येतो, कुटुंबामार्फत दिलेली रक्कमही मोजतात. तुम्ही कदाचित त्यात येत नसाल. म्हणून तुम्ही बूस्टर नाही असं मात्र होत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

थोडक्यात, तुमची कंपनी असेल आणि एखाद्या खेळाडूकडून जाहिरात करून घ्यायची असेल, तर त्याला आता रीतसर रस्ता आहे. रिक्रूटला ‘आमच्याकडे ये’ म्हणायचा रस्ता चाहत्याला अजूनही नाही. असला एकटादुकटा मेसेज बहुतेक वेळा तिसऱ्या पातळीचं, म्हणजे किरकोळ उल्लंघन धरला जातो. आम्ही तो स्वतःहून कळवतो, तुम्हाला समज देतो, विषय संपतो. मुलाने बदाम टाकला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. त्याला तुम्ही टी-शर्ट, तिकीट, जेवण असं काही दिलं असतं तर मात्र त्याच्या खेळण्यावरच प्रश्न आला असता.

या क्षेत्रातले सोशल मीडियाचे सगळेच नियम शहाणपणाचे आहेत असं मी म्हणत नाही. २००७ मध्ये एनसीएएने कोचना टेक्स्ट मेसेज करायलाच बंदी घातली, कारण मुलांचे फोन दिवसरात्र वाजायचे आणि बिलं पालक भरायचे. मग ती खेळागणिक, टप्प्याटप्प्याने उठली. २०१६ च्या ऑगस्टपासून कोचना रिक्रूटची पोस्ट लाइक किंवा शेअर करायला परवानगी मिळाली, पण त्याखाली एक अक्षर लिहायला नाही. त्या वर्षी आमचा एक कोच आमच्या ऑफिसात येऊन फोन पुढे करून विचारायचा, “हे दाबू का?” दिवसातून चारदा. असे नियम बदलत राहतात आणि बदलायलाही हवेत. चाहत्यांनी मुलांच्या फोनवर जायचं नाही हा नियम मात्र माझ्या हातात असता तर मी आणखी कडक केला असता.

का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी एक कुटुंब पोर्टलमार्फत आमच्याकडे भेटीला आलं होतं. मुलाने शाळा संपताना दोन विद्यापीठांत बराच घोळ घालून एक निवडलं होतं, तिथे त्याचं जमलं नाही, आता तो जागा शोधत होता. नियम समजावून सांगताना मी सवयीने विचारलं, “आमच्या चाहत्यांपैकी कुणी तुला थेट मेसेज केलाय का?” मुलगा गप्प. आईने पर्समधून त्याचा जुना फोन काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ज्या विद्यापीठाला त्याने शाळेत असताना नकार दिला होता, तिथल्या चाहत्यांचे मेसेज होते. ती वर सरकवत होती आणि ते संपत नव्हते. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. एकाच माणसाचे दोन मेसेज, मध्ये ११ दिवस. पहिला: “तू आमचा आहेस, तुझं घर इथे आहे.” दुसरा, निवड जाहीर झाली त्या रात्रीचा: “तुझा गुडघा मोडो.” नावापुढे विद्यापीठाचा झेंडा, फोटोत दोन लहान मुलं. आई म्हणाली, “याने तो गुडघा खरंच दुखावून घेतला तेव्हा मला पहिल्यांदा हाच माणूस आठवला.” मुलगा शेजारी बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल सोलत होता. एकदाही त्याने वर बघितलं नाही.

तुमच्या मेसेजमध्ये प्रेमच होतं, मला शंका नाही. पण त्या क्वार्टरबॅकला तसे मेसेज एकट्या तुमच्याकडून आलेले नाहीत. पाच-सहा विद्यापीठांच्या हजारो मोठ्या माणसांकडून आलेत, आणि त्याने होकार दिला तर त्यातल्या चार-पाच गटांचं प्रेम एका रात्रीत उलटणार आहे. तुम्ही तसं लिहिणार नाही. पण ‘मी तुला ओळखत नाही, तरी तुझ्याशी बोलायचा मला हक्क आहे’ हे दार पहिल्या गोड मेसेजनेच उघडतं. १७ वर्षांच्या मुलाने आपला निर्णय आई-वडिलांशी, शाळेतल्या कोचशी बोलून शांतपणे घ्यावा, एवढी जागा त्याला मिळायला हवी. माझ्या लेखी या नियमाचं कारण एवढंच आहे.

मग चाहत्याने काय करावं? संघाबद्दल मनसोक्त लिहा. सामने, जुने खेळाडू, कोचची चूक, निकाल, काहीही. विद्यापीठाच्या अधिकृत पोस्ट शेअर करा. रिक्रूटचं खातं वाचायला कुणी अडवत नाही, पण तिथे काही लिहू नका, त्याला टॅग करू नका, त्याच्या आईला, भावाला, मैत्रिणीलाही नाही. त्याने स्वतःहून विचारलं तर सांगा, “याबद्दल कोचशी बोल.” तुमच्या गावातल्या शाळेत चांगला खेळाडू दिसला तर त्याची माहिती कोचकडे पाठवू शकता, पुढचं त्यांना करू द्या. आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिक्रूटच्या वडिलांचा नंबर फिरताना दिसला तर तो पुढे पाठवू नका. असा एक नंबर मी डोळ्यांदेखत दोन तासांत तीन ग्रुपमध्ये गेलेला पाहिला आहे, आणि चौथ्या तासाला त्या वडिलांनी फोन बंद करून ठेवला होता.

आता भाची. मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रश्न हाच. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून, त्यामुळे हा रस्ता आपल्याकडच्या टेनिसच्या घरांना आता अनोळखी राहिलेला नाही.

तुमचं नातं तिच्या टेनिसमुळे जुळलेलं नाही, ती जन्मली तेव्हापासूनचं आहे. आधीपासूनच्या अशा नात्याला नियम मान देतो. तुम्ही तिच्याशी बोलू शकता, विद्यापीठात थंडी किती, वसतिगृहातलं जेवण कसं, अभ्यास झेपेल का, हे सांगू शकता. दिवाळीला, वाढदिवसाला जे देत आलात ते द्या. पण आजवर कधी न दिलेली गोष्ट अचानक सुरू झाली, अकादमीची फी, स्पर्धांचा विमानप्रवास, आणि तीही ती तुमच्या विद्यापीठाकडे वळल्यावर, तर ‘मामा म्हणून दिलं’ हे पटवणं अवघड जाईल. म्हणून आधी कळवा. नातं कसं, काय देत आलात, पुढे काय द्यायचं मनात आहे, हे लेखी पाठवा. आम्ही ते फाइलला लावतो, आणि पुढे कुणी स्क्रीनशॉट पाठवलाच तर उत्तर तयार असतं. तिच्या विजयाचा फोटो टाकून विद्यापीठाला टॅग करायचा मोह टाळा. कोचना ईमेल तिने स्वतः करावी, निकालांची यादी आणि खेळाचा व्हिडिओ जोडून. बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी कोच उत्तर देऊ शकत नाहीत, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणून तिने खचून जाऊ नये.

तिच्या आई-वडिलांना दोन गोष्टी माझ्याकडून सांगा. एक, ‘स्कॉलरशिप मिळवून देतो, मिळाली की त्यातले इतके टक्के आमचे’ असं म्हणणारा एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रवेश आणि स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असलेली फी नियमात बसत नाही आणि तिचा फटका मुलीच्या खेळण्याला बसतो. व्हिडिओ बनवणं, माहिती पुरवणं यासाठी ठरावीक फी घेणारे वेगळे. दुसरं, नववीपासूनचे विषय आणि गुण मोजले जातात. डिव्हिजन वनसाठी १६ ठरावीक विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. स्पर्धांसाठी शाळा बुडवणाऱ्या मुली बारावीला येऊन अडकलेल्या मी पाहिल्या आहेत, रँकिंग उत्तम असूनही.

आणि ती इथे आली की ‘माझ्या कंपनीची जाहिरात कर, मी एनआयएलचा करार देतो’ असं प्रेमाने म्हणू नका. ती एफ-१ व्हिसावर असेल. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करून कमाई करायला मोकळीक नसते, आणि इथे उल्लंघन झालं तर सामना नव्हे, देश सोडायची वेळ येऊ शकते. वर्गातल्या अमेरिकन मैत्रिणी करार करताना तिला वाईट वाटेल. तरी इमिग्रेशनच्या वकिलाने लेखी हो म्हटल्याशिवाय एक डॉलरही नाही.

राहिली ती ईमेल. आजच उत्तर द्या. एक्सवरची पोस्ट काढून टाका, पण आधी तिचा आणि इन्स्टाग्रामच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून उत्तरासोबत जोडा, म्हणजे काही लपवलं असं वाटणार नाही. मुलाला ‘सॉरी’ म्हणायला पुन्हा मेसेज करू नका. हे मला दरवेळी सांगावं लागतं. लिहा की पोस्ट तुम्ही स्वतःच्या मनाने टाकली, कोणत्याही कोचने सांगितलं नव्हतं, मुलाला काही दिलेलं नाही आणि पुन्हा संपर्क करणार नाही. हे खरं असेल तरच लिहा. कोचच्या एखाद्या सहायकाने इशारा केला असेल तर तेही लिहा, कारण मग प्रकरण वेगळं आहे आणि ते तुमच्याकडून कळलेलं बरं. शेवटी भाचीबद्दल दोन ओळी घाला आणि फोनवर बोलायला वेळ मागा.